लेहरा पुन्हा मुका: २००२ चा साउंड कार्डाचा कोड आजच्या लिनक्सवर बोलता करताना

आत्याचा फोन पाच-सहा वर्षांतून एकदा ठरलेल्या वाक्यानं सुरू होतो. "अरे, तुझा डबा पुन्हा मुका झाला बघ." डबा म्हणजे ग्वाल्हेरला जीवाजीगंजात ती तबल्याचा वर्ग घेते, तिथला कॉम्प्युटर. आजवर चार कॉम्प्युटर बदलले. आत वाजणारा प्रोग्राम मात्र तोच, मी कॉलेजात असताना २००२ साली सी भाषेत लिहिलेला. त्यात वाजते ती आतोबांची पेटी. तीनताल, झपताल, एकताल असे लेहरे (तबल्याला धरायला तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट) त्यांनी मे महिन्यातल्या एका दुपारी वाजवून दिले आणि मी ते टिपून घेतले. आतोबा आता नाहीत. तेव्हा 'मोबाईलवर लेहऱ्याची छान छान ॲप मिळतात' हे कृपया सांगू नका. पोरांच्या मोबाईलवर ती आहेतच. वर्गात पेटी आतोबांचीच लागते.

नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली की हा प्रोग्राम बंद पडतो, आणि दर वेळी कारण वेगळं निघतं. तीनदा मी ठिगळ लावून परत आलो. चौथ्यांदा गुरुपौर्णिमेच्या आठवडाभर आधी फोन आला, तेव्हा नीट बसून मुळातून दुरुस्त केलं. तुमच्याकडेही शाळेची घंटा, बसस्थानकाची घोषणा, प्रयोगशाळेतला जुना सिग्नल जनरेटर किंवा विशीत लिहिलेला एखादा खेळ असा अडून बसला असेल, तर मी जिथे जिथे आपटलो ती ठिकाणं खाली आहेत.

आधी एक सूचना. आज्ञा, फंक्शन आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

मुळात बिनसतं कुठे

त्या काळचा कोड वाचायला फार गोड असतो. /डेव्ह/डीएसपी नावाची फाइल उघडायची, आयओसीटीएलच्या (डिव्हाइसला सूचना देणाऱ्या) तीन हाका मारून सॅम्पल, म्हणजे आवाजाचा एकेक मोजलेला आकडा, किती बिटांचं, चॅनेल किती आणि सेकंदाला सॅम्पल किती ते सांगायचं, मग राइट करत सुटायचं. काहीच सांगितलं नाही तर ८ बिट, एक चॅनेल आणि सेकंदाला ८००० सॅम्पल. साउंड कार्ड म्हणजे एक फाइल, बस्स. ही रीत ओएसएसची, म्हणजे ओपन साउंड सिस्टिमची. ती लिहिली फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांनी. डिसेंबर २००३ मध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, २.६ आला आणि आवाजाचा मुख्य रस्ता अल्सा या नव्या व्यवस्थेचा झाला. ओएसएस मागे पडलं, अल्साच्या पोटात त्याची नक्कल तेवढी राहिली. पुढे त्यावर अनेक प्रोग्रामचे आवाज मिसळून कार्डाला देणारा पल्सऑडिओ आला आणि आता त्याच कामाचा पाइपवायर.

माणूस फसतो तो कंपायलरमुळे. सिस/साउंडकार्ड.एच ही हेडर फाइल आजच्या लिनक्समध्येही जागेवर आहे. जुना कोड एकही चूक न दाखवता कंपाइल होतो, म्हणून वाटतं की कोड ठीक आहे आणि बिघाड कार्डात किंवा वायरीत आहे. मी २०१२ साली अख्खी संध्याकाळ स्पीकरची पिन फिरवण्यात घालवली होती. कंपाइल होणं आणि समोर डिव्हाइस असणं या दोन निराळ्या गोष्टी. (फ्रीबीएसडीवर मात्र /डेव्ह/डीएसपी आजही खरंखुरं आहे. तिथे असा कोड पुष्कळदा जसाच्या तसा वाजतो.)

कधी वाजतो, कधी नाही

हे २००८ सालचं दुखणं, उबंटू ८.०४ हे लिनक्स बसवल्यानंतरचं. आत्याची तक्रार ऐकून मला आधी हसूच आलं. म्हणे, "शिकवणीच्या आधी गाणं ऐकलं की डबा रुसतो. मी चहा टाकून येते, मग वाजतो." मी गेलो की नेमका वाजायचा, घरी परतलो की फोन.

तिचं निरीक्षण अचूक होतं. अल्सामधली ओएसएसची नक्कल थेट कार्ड धरते, मिसळण्याच्या भानगडीत पडत नाही. त्याच वर्षी उबंटूत पल्सऑडिओ आला होता, आणि तो गाणं संपल्यावरही काही सेकंद कार्ड सोडत नाही. आजही त्याची सवय पाच सेकंद थांबायची आहे. तेवढ्यात लेहरा सुरू केला तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा निरोप येतो. माझा २००२ चा शहाणपणा असा की ओपन फसलं तर प्रोग्राम काहीही न बोलता बाहेर पडायचा. चहा टाकायला लागणाऱ्या वेळात कार्ड मोकळं होत होतं, एवढंच.

कार्ड कोणी धरलंय हे एका आज्ञेत कळतं:

फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*

समोर नाव दिसेल. तात्पुरता उपाय म्हणजे पीए-सस्पेंडर. हा तुमचा प्रोग्राम चालू असेपर्यंत पल्सऑडिओला बाजूला बसवतो. कायमचा उपाय पुढे येतो. पण काहीही करण्याआधी जुन्या कोडमध्ये प्रत्येक ओपन आणि प्रत्येक आयओसीटीएलनंतर परत आलेला आकडा तपासून पी-एररनं छापा. मी हे पहिल्याच फेरीत केलं असतं तर दोन चकरा वाचल्या असत्या, आणि त्याही नवतपातल्या, म्हणजे ऐन मे-जूनच्या उन्हातल्या.

फाइलच गायब

उबंटू १०.१० पासून त्यांच्या कर्नलमधून ओएसएसची नक्कलही काढून टाकली. आमच्याकडे हे २०१२ साली उगवलं, कारण आम्ही थेट ८.०४ वरून १२.०४ वर उडी मारली. निरोप अगदी सरळ: '/डेव्ह/डीएसपी: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.

आधी 'मॉडप्रोब एसएनडी-पीसीएम-ओएसएस' करून बघा. तुमच्या कर्नलमध्ये हे मॉड्यूल असेल तर फाइल उगवते, पण वरचं 'बिझी'चं दुखणं घेऊनच. मॉड्यूल नसेल तर पीएडीएसपी वापरा. पल्सऑडिओच्या हत्यारांच्या पॅकेजात हा येतो. प्रोग्रामच्या नावाआधी तो लावायचा:

पीएडीएसपी ./लेहरा

हा प्रोग्रामच्या आधी आपली एक लायब्ररी घुसवतो. प्रोग्राम /डेव्ह/डीएसपी मागायला गेला की ती मागणी मधेच पकडून पल्सऑडिओकडे वळवतो. पाइपवायरसुद्धा पल्सऑडिओची बोली बोलतो, म्हणून ही युक्ती नव्या सिस्टिमवरही चालते. पण दोन ठिकाणी हात टेकते. स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे सगळ्या लायब्रऱ्या पोटातच घेतलेल्या प्रोग्राममध्ये मागणी पकडायला जागाच नसते. आणि जे जुने खेळ कार्डाची मेमरी एममॅपनं थेट स्वतःकडे ओढून घेतात, त्यांना ती चालत नाही.

तुमच्याकडे कोड नसून फक्त तयार प्रोग्राम असेल, तर तुमची वाट इथेच संपते, आणि ती वाईट नाही. कोड हातात असेल तर पुढे वाचा, कारण पीएडीएसपी हे ठिगळच. मी त्यावर दोन फेऱ्या काढल्या आणि दोन्ही वेळा पस्तावलो.

६४ बिटांची गाठ

२०१८ मध्ये नवं मशीन आलं. जुन्या मशीनमधून प्रोग्राम उचलून आणला, चालवला, तर पुन्हा 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. आणि या वेळी ते /डेव्ह/डीएसपीबद्दल नव्हतं, खुद्द लेहरा प्रोग्रामबद्दल! एलएस केलं तर फाइल समोर दिसतेय आणि शेल म्हणतंय नाही. प्रोग्राम ३२ बिटांचा आणि सिस्टिम निव्वळ ६४ बिटांची असली की असं होतं. नसलेली फाइल म्हणजे ३२ बिटांचा लोडर, पण निरोपात नाव येतं तुमच्या प्रोग्रामचं. 'फाइल ./लेहरा' ही आज्ञा दिली की प्रोग्राम किती बिटांचा ते कळतं. ३२ बिटांच्या लायब्रऱ्या बसवल्या तर प्रोग्राम उठतो, मग पीएडीएसपी 'राँग ईएलएफ क्लास' म्हणून कुरकुरतो, कारण त्याची घुसवायची लायब्ररीही ३२ बिटांचीच लागते. कोड असताना या जाळ्यात शिरू नका, सरळ पुन्हा कंपाइल करा.

मी केलं. प्रोग्राम सुरू झाला आणि स्पीकरमधून मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज आला. या वेळी आकडे छापायला शिकलो होतो, म्हणून कार्डाकडे मागितलेला दर छापला. ४४१०० च्या जागी ८८२०००.

हा आकडा ओळखीचा वाटायला रात्र जावी लागली. तीनतालाचा लेहरा ९६ च्या लयीत घेतलेला आहे. मिनिटाला ९६ मात्रा, म्हणजे १६ मात्रांचं एक आवर्तन बरोबर दहा सेकंदांचं. ४४१०० सॅम्पल, प्रत्येकी दोन बाइट, दहा सेकंद: ८८२०००. ती फाइलमधल्या आवाजाची लांबी होती, आणि माझा कोड तिला दर समजत होता.

कारण डब्ल्यूएव्ही फाइलचं शीर्षक. ते ४४ बाइटांचं असतं, आणि त्यासाठी मी एक स्ट्रक्चर लिहून त्यात चार बाइटांच्या आकड्यांना 'लाँग' म्हटलं होतं. ३२ बिटांच्या लिनक्सवर लाँग चार बाइटांचा, ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ. त्यातून आठ बाइटांचा आकडा आठच्या पटीतल्या जागीच बसतो, म्हणून मधे फटीही पडतात. माझं ४४ बाइटांचं स्ट्रक्चर फुगून ७२ चं झालं होतं, आणि दराचं घर सरकून २४ व्या बाइटावरून ४० व्या बाइटावर गेलं होतं. फाइलमध्ये तिथे आवाजाची लांबी असते. जिथे जिथे फाइलमधून आकडे वाचताय तिथे लाँगच्या जागी 'यूइंट३२_टी' आणि शॉर्टच्या जागी 'यूइंट१६_टी' लिहा. साइझऑफ छापून ४४ येतात का ते बघा. ही चूक आवाजाच्या कोडमध्ये फार सापडते, कारण त्या काळी शीर्षक वाचायचं फंक्शन जो तो हातानंच लिहायचा.

तेवढ्यात कंपायलरच्या सूचनाही चालू करा. पॉइंटर परत करणारं फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं असेल तर जुना कंपायलर ते इंट समजायचा. ३२ बिटांवर ते खपून जायचं, ६४ वर अर्धा पत्ता कापला जातो आणि प्रोग्राम कोसळतो. २०२४ च्या जीसीसी १४ पासून ही चूकच धरली जाते, कंपाइलच होत नाही. बरं झालं.

सूर चढला तर

२०१८ मध्येच मी पहिल्यांदा अल्सात लिहायचा प्रयत्न केला. मदरबोर्डच्या आवाजात घरघर येत होती, म्हणून महाराज बाड्याजवळून एक स्वस्त यूएसबी कार्ड आणलं आणि 'एचडब्ल्यू:१,०' असं थेट त्याचं नाव घालून प्रोग्राम जोडला. वाजला! मी खूश. आत्यानं अर्धं आवर्तन ऐकून मान हलवली. "ही पेटी काळी एकची आहे. हा तर पांढरी दोनच्याही वर गेलाय, आणि काळी दोनला पोचलेला नाही. या सुरात तबला कुठे लावू?"

तिनं नकळत पूर्ण निदान केलं होतं. ४४१०० सॅम्पलांचा आवाज कोणी ४८००० च्या दरानं वाजवला तर तो साधारण दीड अर्धस्वर चढतो (पेटीच्या एका पट्टीपासून अगदी लगतच्या पट्टीपर्यंत एक अर्धस्वर). काळी एकपासून दीड अर्धस्वर वर म्हणजे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध. लयही ९६ ची १०४ च्या वर जाते. त्या यूएसबी कार्डाला ४८००० शिवाय दुसरा दर येतच नव्हता. मी 'सेट_रेट_निअर' वापरलं होतं. त्यात 'निअर'चा अर्थ जवळचा जो मिळेल तो, आणि मिळालेला दर ते फंक्शन मुकाट्यानं परत देतं. मी तो वाचलाच नाही. खरं तर हाच गाढवपणा २००२ च्या कोडमध्येही होता. ओएसएसमध्येही दर मागितला की मिळालेला दर त्याच चलात परत येतो. पण तेव्हाच्या ईएस१३७१ कार्डात दर बदलून घेणारा भाग कार्डातच होता. मागू ते मिळायचं, म्हणून चूक कधी उघडी पडली नाही.

तेव्हापासून मी कानानंच निदान करतो. आवाज नेमका एक सप्तक वर गेला तर दर दुप्पट झालाय, किंवा एका चॅनेलचा आवाज दोन चॅनेलांचा समजला जातोय. दीड अर्धस्वर चढला किंवा उतरला तर ४४१०० आणि ४८००० चा घोळ. सूर ओळखूच येत नाही, नुसती फसफस आहे, तर बिटांची संख्या किंवा बाइटांचा क्रम चुकलाय. सूर बरोबर पण मधे मधे टिचक्या, तर बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवायची जागा, रिकामा पडतोय. कार्ड सध्या कोणत्या दरावर चालू आहे ते वाजत असतानाच /प्रॉक/असाउंड खालच्या 'एचडब्ल्यू_पॅराम्स' या फाइलींत दिसतं. पाइपवायर असेल तर तिथे ४८००० दिसलं तरी घाबरू नका. तो स्वतः दर बदलून देतो, सूर जागेवर राहतो.

उपाय सोपा. 'एचडब्ल्यू' सोडा. 'डीफॉल्ट' म्हणा, किंवा ठरावीकच कार्ड हवं असेल तर 'प्लगएचडब्ल्यू'. ही दोन्ही मधे बसून दर आणि बिट जुळवून देतात.

सम आधी दिसते

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेलं दुखणं. याच्यासाठीच चौथ्यांदा बसलो.

प्रोग्राम पडद्यावर सोळा ठिपके दाखवतो. चालू मात्रेचा ठिपका पेटतो, समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, लाल. नवीन पोरं त्याकडे बघून हात बसवतात. माझी २००२ ची युक्ती अशी: मात्रेचा ठिपका पेटवायचा, मग त्या मात्रेचा आवाज राइट करायचा. बफर भरलेला असला की राइट अडून राहतं, म्हणून प्रोग्रामला वेगळं घड्याळ लागतच नव्हतं. कार्डच घड्याळ. फ्रॅगमेंटचा आकडा मी ०एक्स०००४०००ए ठेवला होता. यातले वरचे १६ बिट म्हणजे तुकडे किती, खालचे म्हणजे तुकड्याचा आकार दोनचा कितवा घात. चार तुकडे, प्रत्येकी १०२४ बाइट, एकूण ४०९६. माझ्या दरानं हे ४६ मिलिसेकंदांचं काम. ठिपका आवाजाच्या तेवढाच पुढे. कुणाला दिसणार?

नव्या सिस्टिमवर कोड आणि कार्ड यांच्यामध्ये थर वाढले, आणि प्रत्येक थराचा आपला बफर. राइट लगेच परत यायला लागलं, कार्डापर्यंत आवाज पोचायला वेळ लागायला लागला, आणि ठिपका पुढे पळाला. विलंबित लयीत कुणाच्या लक्षात येत नाही. द्रुतमध्ये पोरगं लाल ठिपक्यावर समेची धा देतं आणि पेटी अजून पंधराव्या मात्रेवर रेंगाळत असते. मी २०१२ साली ठिपका मुद्दाम उशिरा पेटवायचा एक आकडा कोडमध्ये घातला. २०१८ मध्ये तो बदलला. २०२४ ला उबंटू २४.०४ आणि पाइपवायर आला, तो पुन्हा चुकला. हाच तो पुन्हा पुन्हा उगवणारा आजार. हातानं घातलेला आकडा दुसऱ्या कुणाच्या बफरवर अवलंबून होता.

आधी मला एक भारी कल्पना सुचली. प्रोग्रामनं आवाजाला हातच लावायचा नाही. सॅम्पल स्टँडर्ड आउटपुटवर ओतायचे आणि ते एप्लेकडे (अल्सासोबत येणारा, नुसता आवाज वाजवणारा प्रोग्राम) पाइपनं, म्हणजे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाणाऱ्या नळीनं, द्यायचे. साउंड कार्डाचा सगळा कोड गेला, उद्या पाइपवायरच्या जागी दुसरं काही आलं तरी एप्ले बघून घेईल. तानपुऱ्यासाठी मी आजही हेच वापरतो आणि नुसता एकसारखा आवाज हवा असणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन. शाळेची घंटा असेल तर इथेच थांबा, दहा मिनिटांत काम होतं.

लेहऱ्याला ते चाललं नाही. लिनक्सचा पाइप ६५५३६ बाइटांचा असतो. सेकंदाला ८८२०० बाइट धरले तर पाऊण सेकंद नुसता पाइपात. २४० च्या लयीत मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे तीन मात्रा पाइपात अडकलेल्या, वर एप्लेचा स्वतःचा अर्ध्या सेकंदापर्यंतचा बफर. एफसीएनटीएलनं पाइप ४०९६ बाइटांवर आणता येतो, एप्लेलाही बफर-टाइम कमी द्यायला सांगता येतं, पण ठिपका नेमका कुठे पेटवायचा हा प्रश्न तसाच राहतो.

याच प्रयोगात एक मजेदार चूक केली, ती सांगून ठेवतो. लय वाढवायची तर प्रोग्राम प्रत्येक मात्रेच्या आवाजाचं शेपूट कापतो. मी घाईत मात्रेची सुरुवात बाइटांत मोजली: ८८२००० भागिले १६, बरोबर ५५१२५. हा विषम आकडा. सॅम्पल दोन बाइटांचं, म्हणजे दुसरी मात्रा एका सॅम्पलच्या मधोमध सुरू झाली. ९६ च्या लयीत शेपूट कापलं जात नाही, सगळं सलग जातं, काही कळत नाही. लय वाढवली रे वाढवली की एक मात्रा स्वच्छ, एक मात्रा खरखर, एक स्वच्छ, एक खरखर. तुमचा बिघाड असा एकाआड एक येत असेल तर कार्डाकडे बघूच नका, कुठेतरी सॅम्पलऐवजी बाइट मोजताय.

शेवटी लेहऱ्यासाठी अल्साच घेतलं, पण या वेळी 'डीफॉल्ट' नावानं आणि सगळ्यात छोट्या वाटेनं. 'एसएनडी_पीसीएम_ओपन', मग 'एसएनडी_पीसीएम_सेट_पॅराम्स'. या एकाच फंक्शनला बिट, चॅनेल, दर, दर बदलायची परवानगी आणि किती उशीर चालेल हे मायक्रोसेकंदांत सांगता येतं. मी ५०००० दिले. मग 'एसएनडी_पीसीएम_राइटआय'. याला आकडा फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे एका क्षणाचे सगळ्या चॅनेलांचे सॅम्पल) लागतो, बाइटांत नाही. जुन्या राइटमधला आकडा तसाच ठेवलात तर माझ्यासारख्या एका चॅनेलच्या आवाजात ते दुप्पट मेमरी वाचतं: मात्रा लांबते, पुढच्या मात्रेचा तुकडा आत येतो किंवा प्रोग्राम कोसळतो. ऋण आकडा परत आला, विशेषतः उणे ईपाइप, तर 'एसएनडी_पीसीएम_रिकव्हर' करून पुढे जा. तो 'बफर रिकामा पडला' एवढंच सांगतोय. आणि शेवटी 'ड्रेन' विसरू नका, नाहीतर शेवटचा सूर गिळला जातो.

ठिपक्याचं उत्तर 'एसएनडी_पीसीएम_डिले' मध्ये सापडलं. आत्ता राइट केलेली फ्रेम ऐकू यायला अजून किती फ्रेम जायच्या आहेत हे ते सांगतं. आतापर्यंत लिहिलेल्या फ्रेममधून हा आकडा वजा केला की या क्षणी कोणती फ्रेम वाजतेय ते कळतं. प्रत्येक मात्रा कितव्या फ्रेमवर सुरू होते याची यादी ठेवली, आणि ती फ्रेम ओलांडली की ठिपका पेटवला. हातानं घातलेला आकडा पुसून टाकला. खरं तर ओएसएसमध्येही अशी 'गेट-ओ-डिले' नावाची आयओसीटीएल होती. २००२ मध्येच वापरली असती तर मधली दोन ठिगळं लागली नसती.

किरकोळ पण छळणारं

सगळं बरोबर आणि तरी आवाज नाही? आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरकडे जातोय, आणि मॉनिटरला स्पीकरच नाही. 'एप्ले -एल' नं कार्डांची यादी बघा. कार्डाचा नंबर कोडमध्ये घालू नका. वीज गेली-आली की यूएसबी कार्डाचा नंबर बदलू शकतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जातेच. नंबरऐवजी कार्डाचं नाव घाला. 'अल्सामिक्सर'मध्ये 'एमएम' दिसलं तर तो चॅनेल बंद आहे, 'एम' दाबा. कॉम्प्युटर सुरू होताच प्रोग्राम रूट म्हणून चालवायची जुनी पद्धत असेल तर ती सोडा. पाइपवायर लॉगिन केलेल्या माणसाच्या हाताखाली चालतो, रूटला तो सापडत नाही. सिस्टिमडीमध्ये (प्रोग्राम आपोआप सुरू करणारी लिनक्सची यंत्रणा) त्या वापरकर्त्याची सेवा करून त्यात प्रोग्राम घाला.

गुरुपौर्णिमेला २४० च्या लयीत ठिपका आणि पेटी एकत्र चालली. दोन दिवसांनी फोन: "सम पुन्हा आधी दिसतेय." गेलो तर एका विद्यार्थ्यानं मोठ्या आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर जोडलेला. हवेतून जाताना आवाजाला जो उशीर होतो तो 'डिले'च्या आकड्यात पूर्ण येत नाही. मी वायर परत लावली. आत्यानं तबल्याच्या शाईजवळ ठेवलेला खडू उचलला आणि डब्यावर लिहिलं: वायर काढू नये.